फवारणी न लागणारं वाण

मुकुटबन,
मे २००६, दुपार, लाइट गेलेली

चिरंजीव अश्वजित यास (गळ्यात ऑफिसचा पट्टा घालून फिरणाऱ्या माणसाला चिरंजीव लिहावं की श्रीयुत, यावर मी बराच विचार केला, पण लहानपणी तुझा शेंबूड मी पुसलेला आहे, तेव्हा चिरंजीवच),

थोरल्या बहिणीचा सप्रेम जयभीम, आणि वयाच्या हक्काने आशीर्वाद.

तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालते, कारण तिच्याबद्दल तू काही कळवत नाहीस. पुण्यात मे महिन्यातही पहाटे पांघरूण लागतं असं तू मागच्या पत्रात लिहिलंस; ते वाक्य मी इकडे कुणालाच वाचून दाखवलं नाही, लोकांच्या मनात उगीच वाईट विचार येतात. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझे भाऊजी शनिवारी वणीच्या खाणीवरून येतात, रविवारभर अंगावरचा कोळसा धुतात आणि सोमवारी पुन्हा माखायला जातात. मामाजींचा (म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आपल्या मामांचा नव्हे) खोकला उन्हाने पळाला. शेजारच्या हजराबींनी तुला सलाम सांगितला आहे, आणि तुझं लग्न ठरेपर्यंत तुझा शर्ट शिवणार नाही असंही सांगितलं आहे. दोन्ही निरोप पोचवले, माझी जबाबदारी संपली.

आता विषय. माझ्या सत्यशीला टायपिंग सेंटरातला कॉम्प्युटर उन्हाळा लागता लागता आजारी पडला, हे तुला फोनवर सांगितलं होतं. त्यातली जुनी प्रणाली एका ओळखीच्या माणसाने कुठूनतरी आणून भरून दिली होती (कुठून, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही शहाण्यासारखं विचारलं नाही). तिला व्हायरसचा भारी लोभ. गिऱ्हाइकाने फ्लॉपी आणली की त्यातलं सगळं हिच्या अंगात. मग तो माणूस येऊन औषध मारून जायचा, थोडे दिवस बरं वाटायचं, की पुन्हा पहिले पाढे. त्यातही तिने एक खास खोडी काढली: जिथे जिथे ळ येईल तिथे चौकोन छापायचा. आता आपल्या वऱ्हाडात बोलताना ळ फारसा लागत नाही (डोळ्याला आपण डोयाच म्हणतो आणि तरी आपल्याला दिसतं), पण लिहिताना तो लागतोच. शेवटी गोपाळ नावाच्या नवरदेवाच्या पत्रिकेत ‘गोपा’ आणि पुढे एक रिकामा चौकोन असं छापून आलं. नवरदेव स्वतः पत्रिका घेऊन दुकानात आला आणि मला शांतपणे म्हणाला, “ताई, एवढ्या जागेत मी बसत नाही.” त्याच आठवड्यात कॉम्प्युटरने राम म्हटला. (आपण जयभीमवाले, पण त्याने मात्र राम म्हटला. जुन्या गिऱ्हाइकांची सवय.)

इथवर हसायचं. पुढचं जरा निवांत वाच. सेंटरची खोली मुळात बी-खत ठेवायची. मामाजींनी ती मला दिली, तेव्हापासून बी-खत पडवीत असतं, आणि मागच्या साली पडवीतल्या खताला ओल लागून त्याचे दगड झाले. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, “पेरणीच्या आंधी मशीन चालू झाली तं खोली तुही. नाही तं मी खत भरतो.” रागाने नाही, अगदी न्यायाने. मला भांडायलाही जागा ठेवली नाही. पण अश्वजित, त्या खोलीच्या दारावर माझं नाव आहे. गावात मी उकंडाची (म्हणजे मामाजींची) सून आहे, खाणवाल्याची बायको आहे, फक्त त्या एका दारात उभं राहून लोक “सत्यशीलाबाई आहेत काय?” असं विचारतात. तिथे युरियाच्या थैल्या रचलेल्या पाहायच्या, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. हे मी कुणाला बोलले नाही, तुला लिहिते आहे.

अशात तुझं पार्सल आलं. पोस्टमनला वाटलं, ताईंना भावाने बांगड्या पाठवल्या. उघडून पाहते तर सगळ्या सीडीच्या गोल चकचकीत थाळ्या, आणि तुझी एका ओळीची चिठ्ठी: ताई, जुन्या प्रणालीच्या जागी भरायला ही लिनक्सची चार निरनिराळी रूपं आहेत, सगळी फुकट आणि सगळी कायदेशीर, कोणतंही निवड, सगळ्यांच्या आत तेच आहे. अरे, सगळ्यांच्या आत तेच आहे तर एकच का नाही पाठवलंस? तुम्हा शिकलेल्या पोरांना वाटतं, निवडायला दिलं की माणूस सुखी होतो. एक निळं, फेडोरा नावाचं (फेडोरा म्हणजे टोपी म्हणे), ते पाच थाळ्यांचं, एखाद्या वरातीसारखं. एक हिरवं, सुसे, त्यावर शेपटी गुंडाळून बसलेला सरडा. एक नॉपिक्स, जे म्हणे मशीनवर लावावंच लागत नाही, थाळीवरच राहतं आणि थाळीवरच खातं. आणि एक तपकिरी, उबुंटू. नाव ऐकून मामाजींनी विचारलं, कोणाचा पाहुणा? कव्हरावर माणसं हाताला हात धरून उभी, आणि आतल्या कागदावर लिहिलेलं, की हा आफ्रिकेतल्या भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ माणुसकी असा आहे.

निवडायचं कसं? तू म्हणालास, नवशिक्यांनी नेटवर विचारावं. म्हणून मी बसने पांढरकवड्याला गेले, हायवेवरच्या एका नेट कॅफेत बसले (बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत मुलांचे मारामारीचे खेळ), आणि शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजीत प्रश्न टाकला, की खेड्यातल्या नवशिक्या बाईने कोणतं लिनक्स लावावं. पुढच्या आठवड्यात उत्तरं पाहायला पुन्हा गेले तर काय सांगू! एकाने सांगितलं निळं. दुसऱ्याने सांगितलं, निळं लावणारे लोक आळशी असतात. तिसऱ्याने माझी चारही रूपं मोडीत काढून पाचवंच नाव सुचवलं, जे म्हणे स्वतःच्या हाताने पहिल्यापासून घडवायचं असतं आणि त्याला दोन दिवस लागतात. चौथा म्हणाला, आधी माहितीपुस्तक वाचा. पाचव्याला मी खरंच बाई आहे का याची शंका होती. त्यानंतर ते सगळे आपसात कशावरून तरी भांडू लागले आणि मला विसरून गेले. बाजारात बियाण्याच्या दुकानापुढे हेच चालतं. प्रत्येक भिंतीवर वेगळ्या वाणाचा कागद, प्रत्येक कागदावर बोंडांनी लदलेली कपाशीची पऱ्हाटी, जीपवर भोंगा लावून वेगळंच नाव ओरडणारा माणूस, आणि मधे पिशवी घेऊन उभा असलेला शेतकरी, ज्याला कुणीच काही विचारत नाही. परतीच्या बसमध्ये मी त्या पिशवीवाल्या माणसासारखीच बसून होते.

मग मी घरीच एकेक लावून पाहायचं ठरवलं. निळी वरात माझ्या मशीनने उंबऱ्यावरच अडवली (दोष माझ्या मशीनचा, तिची स्मरणशक्ती आपल्या कांता आत्याइतकीच तोकडी). सरडा आत आला, अर्ध्यावर गेला आणि लाइट गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्यावर, पुन्हा लाइट. तुला लोडशेडिंग आठवतं ना, की तेही पुण्याला जाऊन विसरलास? लाइट गेली की खोलीत अशी शांतता होते, की हजराबींच्या पायमशीनचा आवाज भिंतीतून येतो, दूरवर कुणीतरी पऱ्हाट्या मोडत असतं, आणि उन्हाने आभाळ पांढरं झालेलं असतं. मी फरशीवर पाणी शिंपडून त्यावर आडवी होते आणि थाळ्यांची कव्हरं छातीवर ठेवून छताकडे पाहत राहते. (हो, हेच करते. सासरी सुनेने दुपारी आडवं होऊ नये, पण कॉम्प्युटर बिघडला आहे म्हटलं की कुणी काही बोलत नाही.)

तेव्हा मला काय काय दिसतं, ते फक्त तुलाच लिहिता येईल, दुसरा कुणी मला यवतमाळला डॉक्टरकडे दाखवायला नेईल. मला एक गाव दिसतं. मोठं, कुठल्याच देशात नसलेलं. प्रत्येक जण आपापल्या दारात बसून थोडंथोडं काम करतो आहे. एक म्हातारा आहे, तो फक्त पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ सांभाळतो. बर्फाच्या देशातला एक पोरगा आहे, तो दिवसभर उंदराचा बाण गुळगुळीत करत बसतो आणि मधून मधून फुंकर मारतो. कुणी कुणावर ओरडत नाही. जे तयार होतं ते मधल्या चौकात आणून ठेवतात आणि ज्याला पाहिजे तो घेऊन जातो. त्यातच एक बाई आहे, सावळी, आपल्यातलीच वाटावी अशी. तिने कापूस वेचताना बांधतात तशी कमरेला ओटी बांधली आहे, आणि ती शेतातून अक्षरं वेचते आहे. अ, क, म, सगळी पांढरी, हलकी. मी तिला म्हणते, बाई, मुकुटबनसाठी एक ळ द्या. ती ओटीत हात घालते आणि म्हणते, तुमच्याकडे तर लागत नाही ना? मी म्हणते, बोलताना लागत नाही हो, पण अर्जात लागतो. ती हसते, आणि तेवढ्यात लाइट येते, पंखा गरगरतो आणि कव्हरं उडून मोरीत जातात. मला त्या गावाची इतकी माया लागली, की लाइट आल्याचं मला वाईट वाटायचं.

अशाच एका दुपारी हजराबी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, हे रोज छातीवर काय घेऊन पडतेस? मी माझ्या बुद्धीप्रमाणे समजावून सांगितलं. इंग्रजीत याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, पण ते त्यांना काय सांगणार? म्हणून वाण म्हटलं. म्हटलं, भाभी, ही चार वाणं आहेत, भावाने पाठवली. फुकट आहेत. यांना व्हायरस लागत नाही, दर महिन्याची फवारणी नाही. घरी राखून ठेवा, पुढच्या साली पुन्हा लावा, शेजाऱ्याला द्या, गावाला वाटा, कंपनी काही म्हणत नाही. फक्त यंदा कोणतं लावावं तेच मला कळत नाही. हजराबी म्हणाल्या, “मंग एकच लाव ना, चार कायले पाह्यजे?” इतका शहाणा सल्ला मला पांढरकवड्यातही मिळाला नव्हता. आम्ही चहा प्यायलो. दाराबाहेर बाबूसिंग उभा होता, तांड्यावरचा, सातबाराची झेरॉक्स काढायला आलेला. तो झेरॉक्स न काढताच निघून गेला, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. लाइटच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर बाबूसिंग पुढे आणि मागे चांगली सात-आठ माणसं. सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या, धुतलेल्या. बाबूसिंग म्हणाला, “बाई, तुमच्या भावानं पाठवलं थे वाण जरासंक भेटीन काय?” मला काय आनंद झाला सांगू! वाटलं, क्रांती झाली, तांड्यावर लिनक्स पोचलं. मी म्हटलं, भेटेल की, एकेकाला भरून देते. भरून म्हटल्याबरोबर सगळ्या पिशव्यांची तोंडं एकदम उघडली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण त्यांचे प्रश्न अगदी बरोबर होते. लावायला किती वेळ? तासभर, मी म्हटलं. फवारा? एकही नाही. पाणी? मी म्हटलं, नाही हो, पाणी लागलं तर खराबच होईल. बाबूसिंग मागे वळून सगळ्यांना समाधानाने म्हणाला, “कोरडवाहू आहे.”

मग मी तपकिरी थाळी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली. थाळीतून सात रंग निघून मागच्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले. सगळे ते रंग पाहत राहिले. बाबूसिंगने हळूच विचारलं, “बाई, याच्यात बी कुठं हाये?”

अश्वजित, मला आधी हसू आलं, ते मी नाकारत नाही. पण त्या धुतलेल्या पिशव्यांकडे नजर गेली आणि ते तिथेच विरलं. राखून ठेवता येईल, शेजाऱ्याला देता येईल असं बी हवं, एवढंच त्यांना हवं होतं. घरची सरकी राखून पेरलेली त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. आता दर साली कंपनीचं नवं पाकीट विकत. मी एक वाक्य बोलले आणि रात्रभरात ते तांड्यावर जाऊन उगवलं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, आलाच आहात तर बसा, हे कसं उगवतं ते तरी पाहून जा. आणि ती तपकिरी थाळी मशीनमध्ये घातली. त्यातही थाळीवरूनच चालणारी एक आहे, ती घातली.

आणि लाइट गेली नाही! पडद्यावर अक्षरं सरसर धावली, थांबली, मग सगळा पडदा नांगरलेल्या वावराच्या रंगाचा झाला, आणि स्पीकरमधून ढोलासारखा आवाज आला. बाबूसिंग ओरडला, “डफडं वाजलं!” मी मराठी अक्षरं शोधून काढली (सापडायला वेळ लागला, पण होती) आणि सगळ्यात आधी टाईप केलं गोपाळ. ळ आला. अखंड, दोन पोटांचा, सुंदर ळ. माझे डोळे भरून आले आणि इतक्या लोकांत ते एका अक्षरासाठी आहेत हे सांगायची सोय नव्हती. मग मी प्रत्येकाचं नाव मोठ्या अक्षरात टाईप केलं. बाबूसिंग आपल्या नावाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “उगवलं तं खरं.” त्यावर आधी तोच हसला, मग सगळे हसले, आणि गलका ऐकून आलेल्या हजराबी तर ओढणी तोंडात कोंबून आपल्या घरात पळाल्या. जाताना बाबूसिंगने निळ्या वरातीच्या पाचही थाळ्या मागून नेल्या. तांड्यावरच्या वाडीत त्याने सांबार (तुमच्या पुण्याची कोथिंबीर) पेरला आहे, त्यावर पाखरं बसतात, त्यांना चमक दाखवून पळवायला. (तू विचारलं होतंस ना, फेडोरा कुठे वापरात आहे का? आहे.)

मामाजी मात्र हसले नाहीत. ते सगळा वेळ दाराशी उभे होते. लोक गेल्यावर आत आले, खुर्चीवर बसले आणि पडद्याकडे पाहत म्हणाले, “याचं बी राखता येते?” मी म्हटलं, येते. “शेजाऱ्याले देलं तं?” चालते. “कंपनी काही म्हणत नाही?” मी म्हटलं, मामाजी, करणारेच म्हणतात वाटा म्हणून. त्यांनी विचारलं, “मंग त्याईचं पोट कशावर चालते?” माझ्या दुपारच्या गावात कुणी जेवताना मला दिसलंच नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, “धुऱ्याकडची दोन तासं मी राखून ठेवली होती. तुह्या भावाचं वाण लावून पाहू म्हणलं.”

म्हणजे बाबूसिंगसारखंच त्यांनीही ते बी समजलं होतं, आणि आपल्या वावरातल्या बांधाकडच्या दोन ओळी, मला एका शब्दाने न सांगता, माझ्या माहेरच्या वाणासाठी सोडल्या होत्या. मी खताची भीती धरून बसले होते आणि हे मनातल्या मनात माझं वाण पेरत होते. ते उठले, त्यांनी स्वतःची खाट आतल्या खोलीतून पडवीत काढली आणि म्हणाले, खत आता माह्या खोलीत राहीन. सेंटरच्या दारावर माझं नाव आहे तसंच आहे.

तेव्हा असं हे झालं. तू आपला जपून राहा, पट्टा घालून झोपू नकोस, आणि पुण्याच्या थंडीबद्दल यापुढे कमी लिही. लाइट यायच्या आत पत्र पुरं करते.

तुझी ताई,
सत्यशीला

ता. क. १ : मशीन चालू झाली हे खरं असलं, तरी प्रिंटर त्या तपकिरी पाहुण्याशी एक शब्द बोलत नाही. म्हणजे टायपिंग सेंटरात सध्या ळ नुसता पाहायला मिळतो, घरी नेता येत नाही. मामाजी ‘चालू’ या शब्दावर खूश आहेत, त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. पेरणीच्या आधी दोन दिवस येऊन जा.

ता. क. २ : आणि निवड झाली असंही समजू नकोस. अजून मी काही लावलेलंच नाही. तो पाहुणा मला विचारतो, जुनं सगळं मिटवू का, आणि हो म्हणायला माझा हात धजत नाही. त्यामुळे रोज थाळीवरूनच चालवते. लाइट गेली की तो सगळं विसरतो, आणि लाइट आली की मी त्याला पुन्हा सगळ्यांची नावं शिकवते. मला त्याचा कंटाळा येत नाही, हे कुणाला सांगू नकोस.

ता. क. ३ : मामाजी शेजारी बसले आहेत, त्यांनी सांगितलं तसंच लिहिते: “त्या वाणवाल्या मानसाईले लिवा म्हणा, कपाशीचं असं करता येते काय. बी राखता आलं पाह्यजे आन शेजाऱ्याले देता आलं पाह्यजे. फवारा लागला तरी चालीन.” तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, म्हणून हे काम तुझ्यावर. उत्तर काय येईल ते मला ठाऊक आहे, तरी लिही. ती दोन तासं ते यंदा कशालाच देणार नाहीत म्हणतात.